वाचनसाधनांचा निधी: कुर्ला, गोवंडी, घाटकोपर – प्रकल्प नोंदी

१६ जानेवारी २०२४

अल्पदृष्टीच्या मुलांना वाचनसाधनं देण्यासाठी ११ शाळांच्या याद्या एकत्र केल्या. सगळ्या मराठी माध्यमाच्या, इयत्ता तिसरी ते दहावी, एकूण ४६ नावं. शाळांना निकष एका ओळीत दिला होता: चष्मा लावूनही पुस्तक नाकाशी धरणारा, किंवा फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारा प्रत्येक विद्यार्थी. वैद्यकीय व्याख्या वर्गशिक्षकांच्या हाती देऊन काही साधत नाही, ती तपासणीच्या टेबलावर लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये अल्पदृष्टीची व्याख्या अशी आहे: शक्य तितका चांगला चष्मा दिल्यानंतर चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) जास्त नाही, पण ३/६० पर्यंत आहे, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी, पण १० अंशांपर्यंत आहे. यातलं ‘चष्मा दिल्यानंतर’ विसरलं की यादी फुगते.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) ही आपल्या ट्रस्टच्या मदतीची अट ठेवलेली नाही. कार्ड नसलेल्या मुलांचे अर्ज मात्र आताच भरून घ्यायचे. दहावीच्या सवलतींसाठी ते लागेल, आणि तेव्हा धावपळ करून मिळत नाही.

२ फेब्रुवारी २०२४

निधी देणाऱ्या कंपनीच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) विभागाशी पहिली बैठक. त्यांची कल्पना सोपी: प्रत्येक मुलाला एक व्हिडिओ मॅग्निफायर (पानावरचा मजकूर कॅमेऱ्याने टिपून पडद्यावर मोठा दाखवणारं यंत्र), एक कार्यक्रम, एक फोटो. हिशेब मांडून दाखवला. ७ इंची पडद्याचं यंत्र दरपत्रकात ३२,००० रुपयांना आहे. ४६ मुलांचे १४,७२,००० रुपये होतात, आणि त्यात तपासणी, प्रशिक्षण, दुरुस्ती यांचा एक रुपयाही नाही.

पैशांपेक्षा मोठी अडचण भूमितीची आहे. ७ इंची पडदा साधारण १५.५ सेंटिमीटर रुंद. ४ पट मोठं केलं की पानाचा ३.९ सेंटिमीटर भाग दिसतो. पुस्तकातली ओळ १४ सेंटिमीटरची असेल तर एका ओळीसाठी यंत्र चार वेळा सरकवायचं, मग मागे येऊन पुढची ओळ शोधायची. ८ पटीला १.९ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक शब्द. ज्या मुलाचं काम साध्या भिंगाने होतं त्याला हे यंत्र दिलं तर त्याचं वाचन मंदावतं. यंत्र लागतं ते जास्त मोठेपणा हवा असणाऱ्यांना, आणि ज्यांना काळ्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरं लागतात त्यांना. ज्याचं क्षेत्रच आकसलेलं आहे, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसासारख्या आजारात, त्याला जास्त मोठेपणा उलट नडतो. अक्षर त्या छोट्या खिडकीबाहेर जातं. त्याला उजेड आणि ठळकपणा द्यावा लागतो.

बैठकीत हे पटलं. कार्यक्रमात टेबलावर मांडायला काय, हा प्रश्न तरीही राहिलाच.

१९ फेब्रुवारी २०२४

तपासणी सुरू. क्रम ठरलेला: आधी चष्म्याचा नंबर, मग जवळचं वाचन, मग ठळकपणा आणि क्षेत्र, शेवटी साधन. ४६ पैकी ९ मुलांना फक्त योग्य नंबरचा चष्मा हवा होता. काहींचा नंबर बऱ्याच काळात तपासलेला नव्हता, दोघांच्या चष्म्यात भिंगाचा अक्षच चुकीचा बसवलेला. ही ९ नावं यादीतून कमी, पण चष्मे आपल्याच निधीतून. ४ मुलांचा मुख्य मार्ग ब्रेल आणि ऑडिओ हाच असायला हवा. त्यांना भिंगाच्या मागे लावून वर्ष घालवू नये. उरले ३३.

जवळच्या वाचनाचा तक्ता देवनागरी, सलग मजकुराचा. सुट्या अक्षरांवर मूल छान करतं आणि परिच्छेदात अडकतं. देवनागरीत आधी काय निसटतं हे ठरलेलं आहे: अनुस्वार, रफार, उकार, मग जोडाक्षरं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गल्लत होते. म्हणून ‘सर्वांत बारीक जे कसंबसं वाचता येतं’ आणि ‘जे आरामात वाचता येतं’ यांत निदान दुपटीचं अंतर ठेवतो. पुस्तकाचा मुख्य मजकूर एन १२ (एन म्हणजे टंकाचा आकार, पॉइंटमध्ये) च्या आसपास असेल तर साधन लावून मुलाला एन ६ कसाबसा तरी दिसला पाहिजे. तसं झालं तरच एन १२ दमल्याशिवाय वाचता येतो.

एक हिशेब नमुन्याला इथे ठेवतो, नव्या लोकांना उपयोगी पडेल. मूल १० वर्षांचं, २० सेंटिमीटरवर एन २० वाचतं. लक्ष्य एन ६. अंतर किती कमी करायचं? २० गुणिले ६ भागिले २०, म्हणजे ६ सेंटिमीटर. १०० ला ६ ने भागलं की १६.७ डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं माप). पण या वयाच्या डोळ्याची स्वतःची जवळ पाहण्याची ताकद १२ डायॉप्टरच्या वर असते. त्यातली अर्धी, म्हणजे ६, मूल बराच वेळ वापरू शकतं. उरले १० ते ११. म्हणून +१० चा अर्धचष्मा (अर्ध्या उंचीच्या काचांचा वाचनाचा चष्मा), दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळपास सारखी असेल तर प्रत्येक बाजूला नाकाकडे पाया असलेला १२ चा प्रिझम, म्हणजे डोळ्यांना फार आत वळावं लागू नये म्हणून पाचरीसारखी काच (भिंगाच्या नंबरापेक्षा २ जास्त, हा नियम). +१२ च्या पुढे दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहणं सोडून द्यावं, एकाच डोळ्याला भिंग.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना हा हिशेब लागू नाही. त्यांच्या डोळ्यात जवळची ताकद उरलेलीच नसते. असे ५ जण आहेत, त्यातल्या तिघांकडे फक्त लांबचा चष्मा. त्यांना स्टँड भिंग हातात दिलं तर धूसर दिसतं आणि ‘मुलाला भिंग चालत नाही’ असा शेरा पडतो. कारण साधं आहे: ठरावीक उंचीच्या स्टँड भिंगातली प्रतिमा अनंतावर नसते, भिंगामागे काही अंतरावर असते. तिथे नजर जुळवायला जवळचा नंबर लागतो. आधी बायफोकल, मग भिंग.

उलट जास्त मायनस नंबरची मुलं. त्यांनी चष्मा काढून पुस्तक जवळ धरणं हे त्यांचं फुकटातलं भिंग आहे. –१२ नंबरच्या मुलाला ८ सेंटिमीटरवर चष्म्याविना स्वच्छ दिसतं. “डोळे खराब होतील, पुस्तक लांब धर” असं घरी आणि शाळेत सांगितलं जातं, ते थांबवायला पालकांना आणि बाईंना लेखी चिठ्ठी द्यायची.

२१ मार्च २०२४

मंजुरी आली: ९,६०,००० रुपये. बाबी अशा:

तपासणी आणि पुनर्तपासणी १,२०,०००
चष्मे, भिंगं, मोनोक्युलर (एका डोळ्याची छोटी दुर्बीण) २,४५,०००
व्हिडिओ मॅग्निफायर, ८ नग २,५६,०००
दिवे, वाचन स्टँड, वह्या-पेनं ८४,०००
मोठ्या टंकाची पुस्तकं ६५,०००
विशेष शिक्षकांच्या शाळाभेटी १,४४,०००
दुरुस्ती आणि बदल राखीव ४६,०००

शेवटच्या दोन बाबींवर बरीच ओढाताण झाली. कंपनीच्या बाजूने विशेष शिक्षकांचं मानधन ‘प्रशासकीय खर्च, ५ टक्के मर्यादा’ या रकान्यात टाकलं गेलं होतं. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात येत नाही. मुलाला भिंग कसं धरायचं ते शिकवणारी बाई म्हणजे अंमलबजावणीच. नियमाची व्याख्या छापून फाईलला लावली, रकाना बदलला.

दुसरी गाठ ३१ मार्चची. रक्कम आपल्या खात्यात आली म्हणजे खर्च झाली असं धरत नाहीत. प्रत्यक्ष वापर दाखवावा लागतो. दहा दिवसांत सगळं विकत घ्यायचं तर दुकानात असेल ते घ्यावं लागतं. त्याऐवजी प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून संचालक मंडळाकडून नोंदवून घेतला. न वापरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीच्या वेगळ्या खात्यात जाते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. कोणी असा प्रस्ताव करत असेल तर हा शब्द पहिल्याच मसुद्यात घालावा, मार्चमध्ये नाही.

४ एप्रिल २०२४

खरेदीच्या अटी. भिंगांसाठी पुरवठादाराला नगांची अंदाजी विभागणी दिली आणि एक कलम घातलं: न वापरलेलं भिंग ९० दिवसांत त्याच किमतीच्या दुसऱ्या नंबरशी बदलून मिळेल. तीनपैकी दोघांनी मान्य केलं. तिसऱ्याचा दर सर्वांत कमी होता, तरी नाकारला. कारण तुलनात्मक तक्त्यात लिहून ठेवलं.

भिंगावर ‘१० एक्स’ लिहिलेलं असलं तर त्यावर विसंबू नये. डायॉप्टर लिहून मागावेत. काही कंपन्या डायॉप्टरला ४ ने भागतात, काही त्यात १ मिळवतात. २० डायॉप्टरचं भिंग एकाकडे ५ एक्स, दुसऱ्याकडे ६ एक्स.

व्हिडिओ मॅग्निफायरच्या अटी: पडदा निदान ७ इंच, मोठेपणा २ पटीपासून सुरू होणारा (बरीच यंत्रं ४ च्या खाली येत नाहीत, मग पानावर कुठे आहोत ते मुलाला कळत नाही), चित्र गोठवण्याची सोय, काळ्यावर पांढरं आणि काळ्यावर पिवळं, लिहिण्यासाठी पाय उघडून पेनाला खाली जागा, टाइप-सी चार्जिंग, बॅटरी बदलता येणारी आणि वॉरंटीत धरलेली, दुरुस्ती मुंबईतच, आणि ती होईपर्यंत पर्यायी यंत्र. शेवटच्या दोन अटींवर किंमत वाढते. वाढू द्यावी.

जीएसटीचा दर आणि एचएसएन कोड (करासाठी वस्तूचा वर्ग सांगणारा क्रमांक) प्रत्येक दरपत्रकावर लिहून घेतला. एकाच वस्तूवर दोघांनी वेगळे दर लावले होते. हे बिल आल्यावर लक्षात आलं तर हिशेब तपासणीत अडकतं.

१० जून २०२४

स्वस्त सामान आधी तयार. याला कार्यक्रमात कोणी हार घालणार नाही, पण ३३ पैकी २६ मुलांना यातलं काही ना काही लागतं.

टायपोस्कोप, म्हणजे काळ्या कार्डाला कापलेली वाचायची खाच: काळं मॅट माउंट बोर्ड, २२ बाय १० सेंटिमीटर, खाच १६ बाय २ सेंटिमीटर. विकत मिळणाऱ्यांची खाच अरुंद असते, इंग्रजी ओळीच्या मापाची. देवनागरीत वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार कापला जातो. लॅमिनेशन करू नये, चकाकतं, आणि चकाकी कमी करण्यासाठीच तर ते कार्ड असतं. एका पूर्ण बोर्डातून बरेच निघतात, दोन-दोन द्यावेत, कारण हरवतातच. हीच गोष्ट पट्टी भिंगाची. ते ओळीची उंची वाढवतं, रुंदी नाही. अरुंद पट्टीत मात्रा कापली जाते. रुंद पट्टीचीच मागवली.

दिवे: ५ वॉटचा एलईडी, लवचीक मानेचा, चिमट्याने बाकाला लागणारा, यूएसबीवर चालणारा. वर्गात बाकाजवळ प्लग नसतो, म्हणून १०,००० एमएएचची पॉवर बँक. दिवा लिहित्या हाताच्या उलट बाजूला, डोळ्याच्या पातळीखाली. अंतर अर्धं केलं की कागदावर चौपट उजेड पडतो, त्यामुळे मोठा बल्ब घेण्यापेक्षा दिवा जवळ आणावा. वर्णकहीन मुलांना, म्हणजे अल्बिनिझम असलेल्यांना, उलट: दिवा नको, खिडकीकडे पाठ, पुढे छज्जा असलेली टोपी, रंगीत काच. गणवेशात टोपी बसत नाही म्हणून मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधीच घेतली.

वाचन स्टँड उताराचा, कोन बदलणारा. याशिवाय ६ सेंटिमीटरवर वाचणारं मूल बाकावर पूर्ण वाकतं, तासाभरात मान आखडते आणि दोष भिंगाला जातो. ज्यांचे डोळे सतत हलतात त्यांच्या नजरेला एका बाजूला स्थिर जागा असते; ते मान तिरकी करून वाचतात. ती मान सरळ करायला लावू नये, स्टँड त्या बाजूला सरकवावा.

जाड रेघांच्या वह्या, काळी फेल्टटिप पेनं. निळ्या बॉलपेनवर आग्रह धरणाऱ्या बाईंशी बोलणं झालं.

१८ जून २०२४

शाळा सुरू. वाटप सुरू करण्याआधी मालकी कोणाची हे ठरवणं भाग. शाळेला दिलं की वस्तू डेडस्टॉक रजिस्टरवर (शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत) चढते, आणि एकदा चढली की हरवल्यास उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं. मग ती कपाटात जाते आणि किल्ली शिपायाकडे. यात कोणाची बदमाशी नाही, व्यवस्थाच तशी आहे. पण मुलाला रविवारी अभ्यासाला भिंग मिळत नाही.

तोडगा: भिंगं, चष्मे, टायपोस्कोप, दिवे मुलाच्या नावावर कायमचे, पालकाची पोचपावती. व्हिडिओ मॅग्निफायर ही भांडवली मालमत्ता. सीएसआर नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत आणि सीएसआर क्रमांक असलेल्या विश्वस्त संस्थेच्या, लाभार्थींच्या गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर राहू शकते, एकट्या मुलाच्या नाही. म्हणून मालकी आपल्या ट्रस्टकडे, मुलाला वर्षभर वापरायला, घरी नेण्याच्या मुभेसह. करारात एक ओळ मुद्दाम: नेहमीच्या वापरात बिघाड झाल्यास पालकांकडून भरपाई घेतली जाणार नाही. ही ओळ नसेल तर आई यंत्र कपाटावर ठेवते.

१ जुलै २०२४

जुळवणी. चष्मा-भिंग (चष्म्यात बसवलेलं जवळचं भिंग) देताना पहिला अर्धा तास फक्त अंतर शोधण्यात जातो. पान नाकाला टेकवायचं, मग हळूहळू मागे, अक्षर स्वच्छ होईल तिथे थांबायचं. नजर किंवा डोकं फिरवायचं नाही, पान सरकवायचं. ओळ संपली की त्याच ओळीवरून मागे येऊन मग खाली उतरायचं, नाहीतर ओळ चुकते. हातभिंगात उलट चूक: मूल भिंग पानावर टेकवून लांबून पाहतं आणि अक्षर जेमतेमच मोठं होतं. भिंग कागदापासून त्याच्या नाभीय अंतरावर (२० डायॉप्टरला ५ सेंटिमीटर) आणि डोळा भिंगाच्या जितका जवळ तितकं जास्त दिसतं.

लहान वर्गांना, तिसरी-चौथीला, घुमट भिंग. जेमतेम २ पट, पण पानावर ठेवून सरकवायचं, अंतराची भानगड नाही, आणि ते उजेड गोळा करतं.

सूचनापत्रात जाड अक्षरात: भिंग उन्हात खिडकीवर ठेवू नये, कागद पेटतो. कापडी पिशवीत ठेवावं.

१० जुलै २०२४

काल पावसाने शाळा बंद, आज कुर्ल्याच्या दोन शाळांत हजेरी निम्मी. पावसाळ्यात खिडक्या मिटल्या की मधल्या बाकांवर उजेड किती घसरतो ते फोनच्या मीटरने पाहिलं. आकडा अचूक नसतो, पण खिडकीजवळ आणि मध्ये यांतला फरक कळतो. सहा मुलांची दिव्यांची मागणी त्यामुळे नव्याने आली. त्यांना फेब्रुवारीच्या उन्हात तपासलं होतं.

५ ऑगस्ट २०२४

मोठ्या टंकाची पुस्तकं. ए-४ चं ए-३ केलं की अक्षर दुप्पट होत नाही, १४१ टक्के होतं. एन १२ चा एन १७. आणि ए-३ पान बाकावर मावत नाही, नकाशे राखाडी गिचमिड होतात. झेरॉक्स हा मार्ग फक्त गणिताच्या आकृत्यांसाठी ठेवला. भाषा, इतिहास, विज्ञान यांचा मजकूर नव्याने मांडून ए-४ वर २० पॉइंट, ठळक, सरळ वळणाचा युनिकोड फॉन्ट, ओळींमध्ये दीडपट अंतर, मजकूर फक्त डावीकडे जुळवलेला. कडेला २ सेंटिमीटर जागा, पुस्तक सपाट उघडेल अशी वायर बांधणी. कागद मॅट, किंचित पिवळसर.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मिळतात, पण पीडीएफमधून मजकूर उचलला की जोडाक्षरं फुटतात. ओसीआर (पानाच्या चित्रातली अक्षरं संगणकाने ओळखणं) करून मग हाताने तपासावं लागतं. रफार आणि अनुस्वार दोन वेळा. प्रत्येक परिच्छेदाजवळ मूळ पुस्तकाचा पान क्रमांक समासात छापला. तो नसेल तर “पान ३७ काढा” म्हटल्यावर मूल एकटं पडतं. प्रताधिकाराचा प्रश्न विचारला गेला: २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२(१)(झेडबी) प्रमाणे दिव्यांगांसाठी सुलभ स्वरूपात प्रत करायला मुभा आहे, ना-नफा तत्त्वावर, आणि त्या प्रती इतर कोणाच्या हाती जाणार नाहीत याची काळजी घेऊन. प्रतींवर तसा शिक्का.

सगळी पुस्तकं सगळ्यांसाठी छापायची नाहीत. ज्याचं भिंगावर भागतं त्याला वर्षाला एवढा गठ्ठा देऊन दप्तराचं वजन वाढवण्यात अर्थ नाही. ११ मुलांसाठी, निवडक विषय.

२ सप्टेंबर २०२४

मोनोक्युलर, ४ बाय १२. पहिला आकडा मोठेपणा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ६/६० दिसणाऱ्याला यातून साधारण ६/१५ मिळतं, फळ्यावरच्या अक्षराला पुरे. ८ बाय २० मागणारे पालक आहेत. क्षेत्र एवढं लहान होतं आणि हात एवढा हलतो की पाचवीचं मूल फळाच शोधत राहतं.

त्याआधी बाक बदलावा. ४ मीटरवरून २ मीटरवर आणलं की फळा दुप्पट मोठा होतो, खर्च शून्य. मोनोक्युलरसाठीच्या १४ मुलांच्या यादीतून ४ जणांना पहिल्या बाकावर मोनोक्युलर लागलंच नाही.

शिकवण्याचा क्रम: आधी उघड्या डोळ्याने फळा शोध, मग नळी डोळ्याला लाव, कोपर बाकावर टेकव, फोकस कर, फळ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू कर. एका नजरेत एक वाक्य लक्षात ठेवून वहीत उतरवायचं. अक्षरागणिक वर-खाली केलं तर तास संपतो. चालताना नळी डोळ्याला नाही. मनगटाची दोरी सक्तीची.

२३ सप्टेंबर २०२४

न सांगता शाळाभेटी. ३३ पैकी २१ मुलांचं साधन बाकावर, ७ जणांचं दप्तरात, ५ जणांचं घरी. घरी ठेवणाऱ्या पाचांत चार आठवी-नववीचे. लाज हे एक कारण आहेच, पण तीन ठिकाणी दुसरंही निघालं: बाई वहीतल्या अक्षरावर शेरा मारतात, वाचण्यावर नाही, त्यामुळे भिंग काढून मिळतं काय? एकाने तर चष्मा-भिंग घालून फळा पाहायचा प्रयत्न केला होता आणि सगळं धूसर दिसलं म्हणून ठेवून दिलं. जवळचा चष्मा लांबसाठी नसतो, हे चार वेळा सांगून पुरत नाही. चष्म्याच्या घरावर पुस्तकाचं चित्र चिकटवलं.

कंपनीला तिमाही अहवालात ‘वाटप केलेले नग’ ही ओळ हवी होती ती दिली, पण तिच्याखाली तीन ओळी आपल्या: न थांबता किती मिनिटं वाचलं, मिनिटाला किती शब्द, आणि आकस्मिक भेटीत साधन कुठे होतं. शब्दांची मोजणी न वाचलेल्या, इयत्तेनुसार उताऱ्यावर. पाठ झालेला धडा मूल न पाहताही म्हणतं.

१४ ऑक्टोबर २०२४

दुरुस्तीची यादी, पहिल्या सत्राअखेर. ॲक्रिलिक भिंगांवर ओरखडे, ९ नग: कोरड्या गणवेशाच्या टोकाने पुसल्यामुळे. आधी पाण्याखाली धरावं, धूळ निघून जाऊ द्यावी, मग मऊ सुती कापड. एका घरी स्पिरिटने पुसलं, भिंगाला बारीक तडे गेले. मोनोक्युलरच्या आत बुरशी, २ नग: ओलं दप्तर, रेक्झिनचं बंद पाकीट. पाकिटं टाकून कापडी पिशव्या दिल्या, घरी उघड्यावर ठेवायला सांगितलं. एलईडी भिंगांत सेल गळाले, ३ नग. दिवाळीच्या सुट्टीआधी सेल काढून घेतले. यंत्रांपैकी एकाचं चार्जिंगचं तोंड सैल, दुरुस्ती वॉरंटीत. अर्धचष्म्यांच्या काड्या मात्र वाकत राहतात, जड प्रिझममुळे नाकावरून घसरतात. मागून बांधायचा पट्टा सगळ्यांना.

२१ नोव्हेंबर २०२४

काल मतदान. केंद्र असलेल्या शाळांत बाक हलवलेले होते, मुलांच्या जागा आणि दिव्यांचे चिमटे पुन्हा लावून घेतले.

१३ जानेवारी २०२५

दहावीचे ५ विद्यार्थी पूर्वपरीक्षेत साधनासह बसले. सवलतीचे प्रस्ताव शाळांमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे गेले आहेत: जादा वेळ (ताशी २० मिनिटं, म्हणजे ३ तासांच्या पेपरला ४ तास), मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, स्वतःचं भिंग आणि दिवा. परवानगीचं पत्र केंद्रसंचालकांच्या हाती आधीच असावं. पहारेकऱ्याला दारात समजावत बसण्यात पहिला अर्धा तास जातो.

व्हिडिओ मॅग्निफायरमध्ये चित्र साठवण्याची सोय असते, म्हणून तो परीक्षेत अडवला जाण्याची शक्यता धरून चालावं. यंत्र वापरणाऱ्या दोघांना डिसेंबरपासून स्टँड भिंगावरही सराव दिला. त्यांचा वेग कमी आहे, पण पेपर पुरा होतो. मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मिळाली तरी आकृतीवरची नावं बारीकच राहतात, तेव्हा भिंग बरोबर हवंच. आणखी एक गोष्ट पूर्वपरीक्षेत दिसली: जादा वेळ मिळाल्यावर चौथ्या तासात डोळे थकलेले असतात. ताशी दोन मिनिटं पेन ठेवून लांब पाहायचं, हा सराव आता घरी.

१८ फेब्रुवारी २०२५

दहावीचा पहिला पेपर तीन दिवसांवर, २१ तारखेला. पाचही जणांची भिंगं धुऊन, सेल बदलून, पट्टे तपासून दिली. प्रत्येकाकडे जादा टायपोस्कोप.

हिशेब: दुरुस्ती राखीवमधले ३८,४०० रुपये खर्च, ७,६०० शिल्लक. मंजुरीच्या वेळी जी बाब काढून टाका असं सांगितलं जात होतं, तीच सर्वांत पुरेपूर वापरली गेली. व्हिडिओ मॅग्निफायर ८ पैकी ६ रोजच्या वापरात. उरलेली दोन परत घेऊन गोवंडीच्या सातवीतल्या दोन मुलांना देणार, त्यांची पुनर्तपासणी झाली आहे. उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापालांकडे.

पुढच्या वर्षाच्या मागणीत: वाढत्या वयाच्या मुलांसाठी मोठ्या मापाच्या १२ फ्रेम (भिंगाचा नंबर तोच, पण डोळ्यांमधलं अंतर वाढतं तसा प्रिझमही पुन्हा तपासावा लागतो), ॲक्रिलिक भिंगांचे १० बदली नग, रुंद खाचेच्या टायपोस्कोपसाठी माउंट बोर्डाचे १५ ताव, ६ दिवे, आणि शाळाभेटींचं मानधन २०,००० रुपयांनी जास्त. व्हिडिओ मॅग्निफायर एकही नाही.